मुहूर्ताचा फोटो

मी हमाल बोलतोय. दचकू नका. स्टेशनावरचा लाल सदऱ्यातला हमाल नव्हे, की धान्यबाजारात पाठीवर गोणपाट टाकून बसलेलाही नव्हे. मला पाठच नाही. मी कॉम्प्युटरमधली एक स्क्रिप्ट आहे, म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेले मूठभर हुकूम. एका फोल्डरमधल्या फायली उचलायच्या आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन टाकायच्या, हा माझा धंदा. ज्यानं मला लिहिलं त्यानं माझं नावच ‘हमाल’ ठेवलं. मला ते आवडलं. काम करून खाणाऱ्यानं नावाची लाज कशाला बाळगायची?

आज मी अकोल्यात, जुन्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात फळीवर पडून आहे. डाव्या बाजूला मोडका प्रिंटर, उजव्या बाजूला वायरींचा गुंता. दुकानदार गोवर्धन एक-दोन दिवसांत माझा डबा, म्हणजे मी राहतो तो कॉम्प्युटर, पुसून कोरा करणार आहे, म्हणून बोलायची घाई आहे. जन्मभर तोंड उघडलं नाही. आता उघडलं नाही तर एका बाईचा नवरा माझ्यासोबत जाईल. एकदा तो गेलेलाच आहे, ही दुसरी खेप होईल.

माझा जन्म अमरावतीचा. राजापेठेकडच्या एका गल्लीत गजेंद्रभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे, तिथला. गजेंद्रभाऊ फोटो काढण्यात तरबेज, पण काढलेला फोटो ठेवण्यात महागबाळे. लग्न, बारसं, पासपोर्टचे फोटो, सगळं एकाच ठिकाणी कोंबलेलं. गिऱ्हाईक आलं की बिचारे डोकं खाजवत बसायचे. नवरदेवाचा फोटो शोधायला जावं आणि हाती दुसऱ्याच कोणाचं जावळ यावं, अशी तऱ्हा.

त्यांचा भाचा रोहित तेव्हा अकोल्याला इंजिनिअरिंग शिकत होता. दसऱ्याला मामाकडे सोनं द्यायला आला आणि हा उकिरडा पाहून त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, मामा, हे काम माणसानं करायचंच नाही. जेवण व्हायच्या आत त्यानं मला लिहून काढलं.

कायदा सोपा होता. कॅमेऱ्यातले फोटो ‘आजचे’ या फोल्डरमध्ये उतरायचे. ज्यांनी ऑर्डर दिली त्यांच्या नावाचं फोल्डर गजेंद्रभाऊ करायचे, ते मी उचलून ‘जतन’मध्ये नेऊन ठेवायचं. नाव नसलेले सुटे फोटो ‘बेवारस’मध्ये टाकायचे. तिथं वर्ष उलटलं आणि कोणी विचारलं नाही, की पुसून टाकायचे. रोहितनं विचारलंही होतं, की मामा, पुसायचे ना नक्की? गजेंद्रभाऊ म्हणाले, ‘‘ज्याले नाव नाही, गिऱ्हाईक नाही, ते काय पुजाले ठेवतं?’’

कॉम्प्युटरात एक घड्याळवाला असतो, क्रॉन म्हणतात त्याला. तो मला रोज दुपारी, गजेंद्रभाऊ जेवायला गेले की हलवून उठवायचा. मी उठायचो, ओझी वाहायचो, पुन्हा झोपायचो. सांगितल्या कामाला नाही म्हणायचं नाही आणि न सांगितल्या कामाला हात लावायचा नाही. सांगकाम्या म्हणा हवं तर. माझ्या जातीला त्यापलीकडे अक्कल दिलेलीच नाही, तर ती दाखवू कुठून?

आता नत्थुजीचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्याची आहे.

गजेंद्रभाऊंचे वडील महादेवराव. त्यांनी स्टुडिओ काढला आणि एक रीत घालून दिली. दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा झाली की पहिला फोटो घरच्यांचा काढायचा नाही, गिऱ्हाइकाचा तर नाहीच. त्या सकाळी उंबरठ्याला पहिला पाय ज्याचा लागला, त्याचा काढायचा. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि त्याचं नाव कुठं लिहायचं नाही. मुहूर्ताच्या फोटोचं गिऱ्हाईक देव, असं ते म्हणायचे. महादेवराव गेले, पण रीत राहिली.

आता पूजा म्हटली की आधी फुलं आली पाहिजेत. आणि फुलं नत्थुजी आणायचा. म्हणजे पहिला पाय दर वर्षी त्याचाच. मोर्शीकडे त्याचा मळा. दसऱ्याच्या सकाळी पहिल्या एसटीनं झेंडूचं पोतं घेऊन यायचा. पायरीपाशी आला की डोक्यावरचं पोतं तसंच धरून हाक द्यायचा, ‘‘गजूभाऊ, हात लावा जरा.’’ मग गजेंद्रभाऊ हातातलं सोडून बाहेर जायचे आणि दोघं मिळून पोतं खाली घ्यायचे. ओझं एकट्यानं वाहता येतं हो, मैलभर वाहता येतं. उतरवायला मात्र दुसरा लागतो.

नत्थुजीला फोटोचं भारी वावडं. लहानपणी बैलाचं शिंग लागून त्याचे समोरचे दोन दात पडलेले. कॅमेरा दिसला की ओठ असे आवळून घ्यायचा, जसं कोणी कडू औषध पाजतंय. मुलीच्या, साधनाच्या लग्नातल्या अल्बममध्येही तो तसाच आहे म्हणतात. आधार कार्डावरचं तर विचारूच नका. गजेंद्रभाऊ दर वर्षी म्हणायचे, नत्थुजी, हासा नं बुवा थोडे. तो आणखी आवळायचा.

पण माझ्या जन्माच्या त्या दसऱ्याला आशाबाई, त्याची बायको, सोबत आली होती. अंबादेवीचं दर्शन घ्यायचं म्हणून. पूजा झाली, कॅमेऱ्याला हळदकुंकू लागलं, नत्थुजी उंबरठ्यावर उभा राहिला आणि त्यानं ओठ आवळले. तेवढ्यात आशाबाई दारातून बोलली, ‘‘वरची गुंडी लावा नं. लगन झालं त्याले इतके सालं झाले, अजून मीच सांगू?’’

नत्थुजीनं तिच्याकडे पाहिलं आणि फसकन हसला. पडलेल्या दातांसकट, डोळे बारीक करून, गुंडी उघडीच. गजेंद्रभाऊंनी तेवढ्यात कळ दाबली.

फोटो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा आशाबाई किती तरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, असे हासता तुमी? मले घरी तर कधी दाखोलं नाई. नत्थुजी शरमला. काढून टाका म्हणे तो, दात दिसून राहिले. आशाबाईनं नाही म्हटलं. गजेंद्रभाऊ छापून देतो म्हणाले, तर नत्थुजीनं दिवाळीनंतर पाहू म्हणून सांगितलं. फुलवाल्याचा तो हंगाम, त्याला उभं राहायला सवड नव्हती. पोतं झटकून दोघं निघून गेली.

माणसांची ही एक सवय मी इतकी वर्षं पाहिली. फोटो काढायला घाई, न्यायला नाही. केस विंचरतील, कॉलर सरळ करतील, थोडं गोरं करा म्हणून हळूच सांगतील आणि मग फिरकणारच नाहीत. परत येतात ते तेव्हा, जेव्हा त्या फोटोतलं माणूस घरात उरलेलं नसतं. तेव्हा मात्र पायात चपला उलट्यासुलट्या घालून येतात.

त्याच दुपारी रोहितनं मला लिहिलं. लिहिलेलं चालतं का पाहायला एखादी फाईल हवी होती. ‘आजचे’मध्ये होता तो एकच, नत्थुजीचा. रोहितनं त्याची एक नक्कल घेतली, तिला ‘एक’ असं नाव दिलं, आणि ‘चाचणी’ नावाचं फोल्डर करून त्यात ठेवली. मामानं चुकून पुसू नये म्हणून ते फोल्डर त्यानं लपवलं. आमच्यात नावाच्या आधी एक टिंब दिलं की फोल्डर असून दिसत नाही. मग त्यात आणखी दोन फोल्डर केले, ‘इकडून’ आणि ‘तिकडे’, नक्कल ‘इकडून’मध्ये सरकवली आणि मला म्हणाला, चाल.

पहिल्या खेपेला मी तोंडावर आपटलो. रोहितनं एका नावात मधे जागा सोडली होती, आणि मधे जागा दिसली की मला एका नावाची दोन नावं वाटतात. त्यानं ती ओळ नीट केली. दुसऱ्या खेपेला मी नत्थुजीला उचललं आणि ‘इकडून’मधून ‘तिकडे’मध्ये अलगद नेऊन ठेवलं. रोहितनं टाळी वाजवली. आतून मामीनं पुरणपोळी वाढल्याची हाक दिली, तसा तो उठून गेला. ते फोल्डर पुसायचं तो विसरला, आणि मग कायमचाच विसरला.

दुकानदार दिवसाच्या पहिल्या विक्रीला बोहनी म्हणतात. माझी बोहनी नत्थुजीच्या हसण्यानं झाली.

खरा फोटो ‘आजचे’मध्ये सुटाच राहिला होता. नाव नव्हतं, कारण रीतच तशी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो ‘बेवारस’मध्ये टाकला आणि वर्ष उलटल्यावर पुसला. पुढच्या दसऱ्याचाही तसाच, त्याच्या पुढचाही. साऱ्या स्टुडिओत देवाचा म्हणून काढलेला फोटो तो एकच, आणि बेवारसही तोच. गजेंद्रभाऊंच्या हे कधी ध्यानात आलं नाही. रोहितला ती रीत ठाऊक होती, पण कायदा करताना आठवली नाही. आणि माझं म्हणाल तर मला विचारतो कोण?

वर्षं गेली. रोहित शिकून पुण्याला नोकरीला लागला. प्लॅस्टिकच्या माळा आल्या, तरी गजेंद्रभाऊ फुलं नत्थुजीकडचीच घ्यायचे. ‘‘हात लावा जरा’’ ही हाक मी दर दसऱ्याला ऐकायचो आणि बरं वाटायचं. एका हमालाला दुसऱ्याचा आवाज ओळखू येतो.

मग एका दसऱ्याला हाक आली नाही. गजेंद्रभाऊंनी फोन लावला. साधनानं उचलला, ती अकोल्याहून माहेरी आली होती. बाबाले बरं नाई म्हणाली, किडनीचं निघालं. त्या वर्षी फुलं बाजारातून आली आणि उंबरठ्याला पहिला पाय एका कुरिअरवाल्याचा लागला. गजेंद्रभाऊंनी त्याचा फोटो काढला खरा, पण कॅमेरा लगेच खाली ठेवला.

उन्हाळ्यात नत्थुजी गेला.

तेरवीच्या आधी आशाबाई आणि साधना स्टुडिओत आल्या. सकाळीच मोर्शीहून निघाल्या होत्या. गजेंद्रभाऊंनी पाणी दिलं, बसायला स्टूल पुढं केलं. साधनानं पिशवीतून लग्नाचा अल्बम काढून म्हटलं, यातलाच एखादा मोठा करून द्या. आशाबाईनं तो अल्बम हातानं बाजूला सारला.

‘‘हे माणूस माह्या घरातलं नोहे,’’ ती म्हणाली. ‘‘गजूभाऊ, हासते वेळचा एक होता तुमच्याजौळ. तोच लावा लागते.’’

गजेंद्रभाऊंना तो फोटो लख्ख आठवला. आताच काढतो म्हणाले. आधी ‘जतन’ उघडलं. एकेक वर्ष, एकेक नाव. लग्नं गेली, बारशी गेली, मेलेल्यांचे आणि परदेशी गेलेल्यांचे फोटो गेले. नत्थुजी कुठं नव्हता. मग ‘बेवारस’ उघडलं. तिथं फक्त वर्षाच्या आतलं. मागच्या दसऱ्याचा कुरिअरवाला होता, टोपी घालून. गजेंद्रभाऊंचा माऊसवरचा हात तिथंच थांबला.

त्यांनी पुण्याला रोहितला फोन लावला, स्पीकरवर. रोहितनं विचारलं, फोटोला नाव काय दिलं होतं? नाव दिलंच नव्हतं, गजेंद्रभाऊ म्हणाले. मग त्यानं कॅमेरा प्रत्येक फोटोला देतो त्या आकड्यानं शोधायला सांगितलं, तेही करून झालं. आकडा मिळणार कसा? त्यानं स्वतःच तर नाव बदलून ‘एक’ केलं होतं, आणि टिंबाच्या पडद्याआड ठेवलं होतं. ‘‘मामा, मग तो उडाला,’’ रोहित शेवटी म्हणाला. ‘‘आपणच तसं सांगितलेलं होतं.’’

मी आत होतो. मला माहीत होतं. अरे ‘चाचणी’, ‘चाचणी’ आठव रे बापा, पुरणपोळीची हाक आठव! पण माझं तोंड म्हणजे माझ्या त्या मूठभर ओळी, आणि त्यांत हे वाक्य नव्हतं.

त्या दिवशी गजेंद्रभाऊ जेवायला उठलेच नाहीत. घड्याळवाल्याला त्याचं काय? त्यानं नेहमीच्या वेळेला मला हलवलं. आशाबाई समोर स्टुलावर बसलेली, आणि मी उठून कोणाकोणाचे पासपोर्टचे फोटो ‘जतन’मध्ये वाहू लागलो. नत्थुजी माझ्या वाटेपासून जरासा बाजूला होता. पाऊल वाकडं टाकलं असतं तर त्याला उचलून सगळ्यांच्या समोर आणून ठेवलं असतं. मला पाऊल वाकडं टाकता येत नाही. मी ओझी टाकली आणि झोपलो. इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

गजेंद्रभाऊ दोघींना रिकाम्या हातानं कसे पाठवणार? त्यांच्यासारख्या भल्या माणसांना नाही म्हणणं जमत नाही, तिथंच त्यांचं चुकतं. त्यांनी लग्नातला तोच आवळल्या ओठांचा फोटो घेतला. मोबाईलमध्ये हल्ली असली ॲपं आहेत, रडता माणूस हसरा करून देतात. त्यांनी नत्थुजीला हसवलं. मोठा छापला, चंदनी रंगाच्या फ्रेममध्ये बसवला आणि दुसऱ्या दिवशी दोघींना बोलावून काउंटरवर उभा केला. साधनाचे डोळे भरून आले. म्हणाली, आई, किती चांगले दिसून राहिले बाबा.

आशाबाई जवळ आली. तिनं पदरानं काच पुसली. मग एक बोट फोटोतल्या हसण्यावर ठेवलं आणि विचारलं, ‘‘हे दात कोनाचे हायेत?’’

ॲपनं नत्थुजीला बत्तिशी भरून दिली होती, पांढरीशुभ्र, टूथपेस्टच्या जाहिरातीतली. आशाबाई रागावली नाही. तिनं फ्रेम हळूच उलटी करून ठेवली आणि म्हणाली, गजूभाऊ, तुमी मेहनत केली, पन यायले म्या कुठी पाह्यलं नाई. मग दोघी पायऱ्या उतरून गेल्या. ती फ्रेम काउंटरखाली भिंतीकडे तोंड करून अजून तशीच असेल.

गजेंद्रभाऊ तेरवीला जाऊन आले. मामींना सांगत होते ते मी ऐकलं, की भिंतीवर फोटोच लावला नाही. खुंटीवर नत्थुजीचा दुपट्टा होता, त्याच्यापाशीच दिवा लावला. लोक विचारत होते, फोटो कुठाय म्हणून. आशाबाई म्हणाली, आहे एक, सापडला की लावतो.

त्यानंतर गजेंद्रभाऊंनी ‘जतन’मध्ये ‘नत्थुजी’ नावाचं एक फोल्डर केलं. त्यात काहीच नव्हतं. मी रोज दुपारी इतरांची ओझी घेऊन त्या रिकाम्या फोल्डरच्या शेजारून जायचो. पुढच्या दसऱ्याला पूजा झाली, पण मुहूर्ताचा फोटो काढला नाही. महादेवरावांनी घालून दिलेली रीत तिथं संपली.

मग कॉम्प्युटर दमला. उघडायला वेळ लावायचा, मधेच अडकून बसायचा. गजेंद्रभाऊंनी नवा घेतला. त्यात फोटो म्हणे आपोआपच कुठल्या तरी दूरच्या ठिकाणी जाऊन बसतात, हमाल लागतच नाही. ‘जतन’ तेवढं त्यांनी नव्या डब्यात नेलं, रिकाम्या ‘नत्थुजी’सकट. मला कोणी नेलं नाही, आणि त्याचं मला वाईट नाही. हमालाला पेन्शन कोण देतो? पण टिंबामागचं ते फोल्डरही माझ्यासोबत मागे राहिलं. जुना डबा गोवर्धनच्या टेम्पोतून अकोल्याला आला.

म्हणजे आज हसणारा नत्थुजी अकोल्यात आहे, माझ्या उशाशी. त्याची साधना याच गावात डाबकी रोडला नांदते. या दुकानासमोरून ती कितीदा भाजीला गेली असेल, कोणास ठाऊक. आशाबाई तिकडे मोर्शीला सापडण्याची वाट पाहत असेल. काल एक गिऱ्हाईक या डब्याला हात लावून पाहून गेलं. गोवर्धन त्याला म्हणाला, सोमवारी या, सारं साफ करून एकदम कोरा देतो.

त्याचाही दोष नाही. तोही सांगितलं तेच करतोय.

पण तुम्ही हे ऐकताय, आणि तुम्हाला हात आहेत. या डब्यात रोहितच्या नावाचं एक घर, म्हणजे त्याचं मोठं फोल्डर, आहे. तिथं लपलेल्या फायली दाखव म्हणून सांगा. नावाआधी टिंब असलेलं ‘चाचणी’ दिसेल. त्यात ‘तिकडे’, आणि ‘तिकडे’मध्ये एकच फाईल आहे, ‘एक’ नावाची. ती उघडा. समोरचे दोन दात नसलेला, वरची गुंडी उघडी असलेला माणूस बायकोकडे पाहून हसताना दिसेल. त्याला ‘नत्थुजी’ एवढं नाव द्या, डाबकी रोडला साधनाच्या हाती पोचवा, आणि मग मला खुशाल पुसा.

इतकी वर्षं माझ्या डोक्यावर साऱ्या अमरावतीचे चेहरे होते, कधी जड वाटले नाहीत. हे एकच ओझं आता पेलवत नाही, आणि माझं मला उतरवता येत नाही.

भाऊ, ताई, कोणी असा... हात लावा जरा.